इंजिन नंबर

खडकीच्या लिलावातली जोंगा.
तिचं मूळ इंजिन आता शेडमागे, ताडपत्रीखाली,
पिस्टन आवळून बसलंय.

नवं म्हणजे जुनंच;
पंधरा वर्षं मंचरहून दूध आणलेल्या टेम्पोतलं.
रेणुसे मिस्त्रींनी हेड उघडलं,
लायनरवरून बोट फिरवलं:
"मालकानं मारलं नाय याला. दमवलंय फक्त."

नाना पेठेतून रिंगा, बेअरिंग, गास्केट.
बोअर करून ब्लॉक आला, तर बसेना.
माउंटिंग दोन बोटं पुढं.
दोन बोटांसाठी अडीच महिने.
क्रॉसमेंबर कापला, जोडला, परत कापला.
चेनपुलीला ते लोंबकळत राहिलं
आणि आम्ही खाली चहा घेत
वर बघायचो, आभाळ बघावं तसं.

पहिल्या सेल्फला खोकलं.
दुसऱ्याला काळा धूर, मिस्त्रींची एक शिवी.
तिसऱ्याला
भिंतीवरचे पाने किणकिणले सगळे.

आरटीओच्या फॉर्मवर रकाना एकच.
मी नंबर लिहिला.
दूध कुठं लिहिणार?

मुळशीच्या पलीकडं, लाल चिखलात,
चाकं रुतली. लो गिअर टाकला.
मी घाईत होतो. ते नव्हतं.
हळूहळू चढलं,
मागं भरलेले कॅन असल्यासारखं.