पात्र

सोमवार. उद्यमनगरला सुट्टी.
लेथवर पोतं टाकलेलं, पत्रा उन्हानं तडतडतोय,
आणि कुलंटच्या वासात आम्ही सहाजण
एका मोबाईलपुढं.
मोबाईल व्हाइसमध्ये आवळलाय. हलायला नको.

तिकडं सकाळ आहे. पंचांनी स्वेटर घातलेत.
सीमारेषेबाहेर एक बाई कुत्रं फिरवतीय.
बघणारे : एकेचाळीस.
त्यात आम्ही सहा मिळून एक.
आणखी एक त्याची अम्मी, यादवनगरात,
आवाज बंद करून.

तौफिक मुजावर.
पाठीवरच्या आडनावातलं एक अक्षर गळालंय.
छातीवर असा देश
की नकाशात बोट ठेवलं तर झाकून जातो.
इथं तो सीएनसी चालवायचा,
तिथंही सीएनसीच चालवतो,
आणि शनिवार-रविवार डावखुरी फिरकी.
राहून राहून पात्र झाला म्हणे.

ही स्पर्धा म्हणजे पात्रतेची पात्रता.
इथं जिंकलं की विभाग,
विभाग जिंकला की आणखी एक गाळणी,
आणि त्याच्याही पल्याड कुठंतरी
वीस-वीस षटकांचा विश्वचषक.
बाबू लोहार म्हणाला, हे तर रेशनकार्डासारखं झालं.
त्याचं नाव दोनदा अपात्र यादीत आलंय,
एकदा बापाच्या नावातल्या वेलांटीपायी.

स्कोअर मीच लिहितोय. सवयच ती.
हिरवी वही, शिसपेन.
याच वहीत मागं त्याची जुनी षटकं आहेत,
पंचगंगेच्या पात्रातली, टेनिस बॉलची.
पाण्यात गेला तर दोन,
म्हशीला लागला तर डेड.
त्या पात्रात उतरताना
कुणी कुणाला कागद मागितला नव्हता.

शेवटचं षटक. समोरच्यांना अकरा पाहिजेत.
आणि चेंडू ह्याच्या हातात.
एक. एक. निर्धाव.
चौकार. (बाबूनं शिवी दिली, मग कानाला हात लावला.)
वाइड. एक.
आता एक चेंडू, तीन धावा.

तो आला, तीच चाल,
डावा खांदा थोडा पडलेला, दोन शिफ्ट केल्यासारखा.
चेंडू सुटला, बॅट फिरली, चेंडू वर गेला,
वर,
आणि तिथंच थांबला.
पडद्यावर गोल फिरायला लागलं.

संज्यानं मोबाईल व्हाइसमधनं उपसला.
कुणी दाराकडं धावलं, रेंज शोधत.
तेवढ्यात बाबूचा फोन वाजला. अम्मी.
"माझ्यात चालू हाय बघा.
सगळी पोरं पळत आल्यात त्याच्याकडं.
मारायला आलीत का मिठी मारायला, कळंना."

हसतोय का तो, मी ओरडून विचारलं.
"टोपी तोंडावर घेतलीया."

वही उघडीच आहे.
शेवटच्या चौकटीत शिसपेन टेकवून बसलो होतो,
तिथं एक ठिपका उमटलाय.
तो निर्धाव धरायचा का नुसता डाग,
कुणाला विचारावं?