ओहोटीची वही

पहाटेचे चार दहा. ओरेगनचा किनारा.
आर्डिथ लुंडग्रेन, वय चौऱ्याहत्तर, कॅनरीतून निवृत्त,
डाव्या गुडघ्याला पट्टा, कपाळावर दिवा,
खडकाच्या कपारीत डोकं घालून विचारते,
"आहे का कुणी?"

सतरा वर्षांची वही. सुरुवातीच्या पानांवर
एकशे बारा, एकशे चाळीस. जांभळे, नारिंगी,
शिंपल्यांवर पोट उलटं काढून जेवायला बसलेले तारामासे.
हे ती सांगायची तेव्हा लॉनी
हातातलं सँडविच खाली ठेवायचा.

ना मेंदू, ना रक्त. अंगात समुद्राचंच पाणी,
पाठीवरच्या एका खडबडीत ठिपक्यातून गाळून घेतलेलं.
त्याच्याच जोरावर शेकडो नळीपाय उचलायचे, टेकायचे.
डोळा म्हणजे हाताच्या टोकाला एकेक लाल टिंब,
उजेड की काळोख, एवढंच कळणारं.
पुढचा हात कोणता, हे आधी ठरलेलं नाही.
ज्याला वास आला, त्याच्यामागे बाकीचे चार.

मग तो उन्हाळा.
आधी एक पांढरा डाग. मग हात पिळवटले.
मग एक हात एकीकडे चालू लागला,
दुसरा दुसरीकडे,
मधलं अंग फाटेपर्यंत.
तुटलेला हातही चालत राहिला
बराच वेळ,
कुणाच्या तरी मागे निघाल्यासारखा.

लॉनीचा जन्म खेकड्यांच्या बोटीवर गेला,
समुद्रापुढे हात टेकायची त्याला सवय.
आर्डिथनं हात टेकले ते
खाली वाकून बघायला.

अकरा. पुढच्या जूनमध्ये दोन. मग शून्य, शून्य,
शून्य.
हातपाय पसरले ते शिंपल्यांनी,
ज्यांना हात नाहीत त्यांनी.

विद्यापीठातल्या मुलीनं फोनवर विचारलं,
काहीच नसतं, तर जाता कशाला?
पोरी, शून्य लिहायलाही
प्रत्येक कपार बघावी लागते.
घरी बसून लिहिलं तर ती नुसती रिकामी जागा.

आज दोन शिंपल्यांच्या फटीत
नखाएवढं, करडं काहीतरी.
पाच टोकं. एक किंचित आखूड.
डावं-उजवं असलेली, काचेसारखी अळी होतं हे काल-परवापर्यंत,
लाटांवर वाहत आलेलं;
तिच्या डाव्या कुशीत वाढलं,
आणि डावं-उजवं दोन्ही टाकून
इथं उतरलं.

लॉनी म्हणतो, लिही एक.
ती चष्मा पुसते. पाणी घोट्याला लागलंय.
"थांब जरा. हलतंय का, बघू दे."