चाखायचं दुकान

जळगावात रिंग रोडला
तेल नुसतं चाखायचं दुकान निघालंय.
सुपडूमामांना घेऊन गेले.
अमळनेरच्या मिलमध्ये चाळीस वर्षं
घाण्याच्या आवाजावरून ते सांगायचे,
दाणा वाळलाय की ओला.

आत गारठा. स्टीलच्या टाक्या, इवल्या तोट्या,
खोकल्याच्या औषधाएवढा पेला.
पोरगी म्हणाली, तळव्यानं झाका, ऊब द्या,
मग भुरका मारा. आवाज झाला पाहिजे.
मामा खूश.
घरी याच भुरक्यावरून बोलणी खातात.

हिरवं तेल, ऑलिव्हचं.
मामा थबकले. खोकले, एकदा, दोनदा.
'हाई ते गयामा चावस वं माय!'
'ठसका लागला की समजायचं, अस्सल.'
तिसऱ्यांदा मामा मुद्दाम खोकले.

मग सिरका. काळा, काकवीसारखा दाट.
बारा वर्षं या पिंपातून त्या पिंपात,
पोरगी सांगत होती,
आंबटपण न सोडता गोडावर येतो.
मामांनी तो जिभेवर धरून ठेवला,
गिळेचनात.
पारोळ्याच्या भावाशी त्यांचं बोलणं बंद आहे,
बांधावरून नव्हे,
लग्नातल्या एका पंगतीवरून.
कितवं वर्ष, ते मी विचारलं नाही.

भाव ऐकून हसले.
तरी सगळ्यांत लहान बाटली घेतली,
तेलाची नव्हे.
रिक्षा घराकडे वळताना म्हणाले, स्टँडवर घे.
'आते पारोयानी गाडी शे ना?'
बाटली उन्हात धरून हलवली,
बूच पुन्हा घट्ट केलं,
'भरीतवर चाली का वं हाई?'