निळा, नंबर चार

ताडदेवला, स्प्रिंगच्या गाद्यांच्या दुकानावर,
तिसऱ्या मजल्यावर आमचा समुद्र होता.
मी आणि फिलोमिना, दोघी मिळून
दिवसाला चाळीस लाटा भरायचो.
रेषा चेऊलकरांची, आतला रंग आमचा,
सेल्युलॉइडच्या उलट्या अंगानं,
श्वास धरून. मे महिना, आणि पंखा बंद.

एका सेकंदाला बारा चित्रं.
पोरगी डोलकाठीवर चढते, शीड फाटतं,
एवढ्यात आमची दिवाळी येऊन गेली.

नवव्या रिळाला निळा नंबर चार संपला.
दुकानदार उधारी देईना.
चेऊलकर खिडकीत उभे राहिले जरा वेळ,
मग म्हणाले, हिरवा आहे ना? लावा हिरवा.
तर ऐन वादळात
समुद्र हिरवा झाला
आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

‘सात वाव पाणी’ चार दिवस चालला, सकाळच्या खेळाला.
पाचव्या दिवशी पोस्टरवर दुसरं पोस्टर.
चित्रं आम्हीच धुतली,
पत्रे दंतमंजनाच्या जाहिरातीला लागणार होते.
बादली बादली वादळ मोरीत ओतलं.
रिळं किलोच्या भावानं गेली. बांगड्या होतात म्हणे त्यांच्या.
फिलोमिना वर्षभर
बायकांचे हात उन्हाला धरून बघायची.
चेऊलकर पुढं लग्नपत्रिका काढत. गणपती छान यायचा त्यांचा.

आता माझे गुडघे धरतात. तरी सुरमई घ्यायला
भाऊच्या धक्क्यावर मीच जाते.
परवा एक होडी दिसली, नाळेपासून निळी,
आणि मधोमध, कोयत्यानं तोडल्यासारखा,
हिरवा सुरू.

तांडेल जाळं सांधत होता, मान वर न करता बोलला:
लहानपणी वाड्यात चादरीवर पिक्चर दाखवलेला.
नाव नाय आठवत.
त्यात ती पोरगी घाबरते ना, तिथं दर्या हिरवा होतो.
घाबरते, पण सुकाणू सोडत नाय.
तेव्हाच बापाच्या मागं लागून होडी अशी रंगवली.
आता माझा पोरगा रंगवतो.

घाबरते?
तिचा चेहरा फिलोमिनाकडे होता.
भीती आम्ही कुठंच भरली नव्हती.

उधारीचं मी काही बोलले नाही.
पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
विचारलं, हिरवा कुठला लावता?

जाळ्याची गाठ दातानं ओढत तो म्हणाला,
जो मिळेल तो.