पुरो

शाणू च्यारी मिस्त्रींचा एकच शब्द होता: पुरो.
चहा ओतताना पुरो, उचल मागितली की पुरो,
बोल्टला शेवटचा पाव आटा द्यायला जावं
तर पान्यावरच्या माझ्या हातावर
दोन बोटं ठेवून, पुरो.

त्या दिवशी ते म्हार्दोळला, भाचीच्या लग्नाला.
कुर्टीच्या गॅरेजात मी एकटा, वय एकोणीस,
बाकावर पालथं घातलेलं इंजिन
आणि हातात लाल सिलिकॉनची नवीकोरी ट्यूब.

इंजिन इनास कुलासोच्या व्हॅनचं.
बेळगावची अंडी आणायचा तो,
अनमोडचा घाट उतरून, आठवड्यातून तीनदा.

त्याआधीच्या महिन्यात मी बसवलेलं एक चेंबर गळलं होतं
बांबोळीच्या एका डॉक्टरच्या पोर्चमध्ये, पांढऱ्या फरशीवर.
डॉक्टरीणबाई गॅरेजात येऊन
फरशीचा चौरस फुटाचा भाव सांगून गेल्या.
तेव्हापासून झोपेतसुद्धा
मी थेंब मोजत होतो.

म्हणून दिली.
मिस्त्री देत तशी शेवईएवढी नाही,
करंगळीएवढी, काठाकाठाने सबंध,
भोकांना वेढे, कोपऱ्यांत गोळे,
आणि ट्यूबमध्ये उरलीच आहे म्हणून
आणखी एक फेरी.
बोल्ट आवळत गेलो तसं ते फुगून बाहेर आलं
पावातून लोणी यावं तसं.
बोटाने पुसलं, मग चिंधीने, मग रॉकेलने.
काठ इतका देखणा झाला
की मीच दोनदा वाकून पाहिला.

जेवढं बाहेर आलं होतं
तेवढंच आत गेलं होतं.
आत पुसायला कुणी नव्हतं.

एकवीस दिवस.
इनास रात्री गाडीखाली पुठ्ठा घालायचा
आणि सकाळी आणून मला दाखवायचा, कोरा.
एकदा म्हणाला, फ्रेम करून लाव.
तिकडे गरम तेलात
त्याचं रबर झालं, एक टोक सुटलं,
लोंबलं, हललं, तुटलं,
आणि जिथून तेल वर चढतं
त्या जाळीकडे निघालं. दुसरीकडे जाणार कुठे?

बाविसाव्या दिवशी, अनमोडच्या अलीकडे,
डॅशबोर्डवर झारीचं लाल चित्र लागलं.
इनासला वाटलं, दिवाच बिघडला असेल.
थेंब न सांडणाऱ्या इंजिनाचं तेल संपेल कसं?
संपलं नव्हतंच. काडीला पुरेपूर होतं.
पोचत नव्हतं.
खडखड, मग एक किंचाळी,
मग घाटातल्या रातकिड्यांचा आवाज.

मँगनीजच्या ट्रकने दोर बांधून आणलं.
साडेतीन हजार अंडी,
एक फुटलं नाही.
हे इनास अजून सांगतो, माझं नाव न घेता.

मिस्त्रींनी चेंबर उघडलं.
क्रँकवर नखाने ओरबाडल्यासारखे चरे,
बेरिंगं जळून निळी,
आणि जाळीवर, कुस्करलेल्या वळेसरासारखं, माझं ते लाल.
चिमट्याने उचलून त्यांनी उजेडात धरलं.
मी गाल तयार ठेवला होता.
"गळता ते दिसता रे,"
एवढंच म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

क्रँकचे पैसे माझ्या पगारातून कापले,
महिन्याला पन्नास, सात महिने.
हिशेबाने अजून बरेच उरत होते.
आठव्या महिन्यात पाकीट पूर्ण आलं. मी विचारलं.
पुरो.

आता माझं गॅरेज उसगावात आहे.
ते लाल अजून खिळ्याला आहे, कॅलेंडरच्या मागे,
वीस-बावीस वर्षांत जराही सुकलेलं नाही.
नवा पोरगा साईल
चेंबरच्या काठावर ट्यूब धरून थबकतो.
एवढीशीच? पोचेल सगळीकडे?
खात्रीने मलाही सांगता येत नाही.
मी त्याच्या हातावर दोन बोटं ठेवतो.

आज सकाळी पुठ्ठ्यावर
एक थेंब होता, मिरीच्या दाण्याएवढा.
साईल चिंधी घेऊन धावत आला.
त्याला म्हटलं, थांब जरा,
असू दे.