राहण्याचं कारण

फॉर्मवर एक रकाना आहे : राहण्याचं कारण.
‘अवलंबित’ लिहा, वेंगुर्ल्याचा झेरॉक्सवाला दिगंबर म्हणतो,
नेव्हीवाल्यांच्या सगळ्या बायका तेच लिहितात.

दाखल्यावर मी वैदेही,
पासपोर्टवर अजून कुंदा केळुसकर.
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव
त्या बेटावरच्या कचेरीला कळत नाही.
म्हणून पाचशेच्या स्टॅम्पवर शपथ घेतली :
मी आणि मी एकच.

पडताळणीला हवालदार आला,
सोलकढी प्याला, दोनदा.
नवरा कुठं असतो? त्यानं विचारलं.
म्हटलं, तेच तर चाललंय.

तिकडची नेमणूक संपायला अकरा महिने उरलेत.
कागद फिरतायत त्याला सात झाले.
सासू रोज एकच विचारते,
‘सुके बांगडे थंय नेऊक देतत काय गो?’
हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही.

मी दिगंबरला सांगते, लिही :
झोपेत कूस बदलताना
त्याचा हात भिंतीवर आपटतो.

तो वर बघत नाही.
तीसच अक्षरं बसतात वहिनी, म्हणतो,
आणि ‘अवलंबित’ टाइप करून
वीस रुपये घेतो.