पडद्यावरचं कारंजं

एका तिकिटात दोन दालनं, वीस रुपये.
डावीकडे : चित्रांतल्या बागा.
उजवीकडे : परमुलखातून मिलमध्ये आलेले.

मी आधी डावीकडे वळले. भीत भीतच.
उजवीकडे वडील टांगलेत, हे ठाऊक होतं,
मीच दिले ते, फेब्रुवारीत, पावती घेऊन.

बागांमध्ये गार होतं. काचेआड केळी, लाल जमिनीवर कमळं,
एक नायिका कुणाची तरी वाट बघत होती
आणि तिच्यापेक्षा मोर जास्त कंटाळले होते.
तळ्याचं पाणी चित्रकारानं विणलं होतं,
एक रेघ वरून, एक खालून.
मिलवाल्याच्या पोरीला कळतंच :
हे साधं पाणी नाही, हे ट्विल आहे.

उजवीकडे भोंग्याचा आवाज लावून ठेवलाय,
दर दहा मिनिटांनी. खरा असा नव्हता.
खरा पोटात वाजायचा.
पितळी बिल्ले, धोटे, रेशनकार्डं,
उन्नावचा हरपाल, ललितपूरचा रमजान,
आणि खिडकीशेजारी, थोडे तिरके,
झिपरू तोताराम, अमळनेरचे,
वय एकवीस, बदली कामगार,
बागेत उभे.

म्हणजे जेल रोडच्या स्टुडिओतल्या पडद्यापुढे.
मागे संगमरवरी कठडा, सुरूची झाडं
आणि तीन मजली कारंजं,
कुणा रंगाऱ्यानं एका दुपारीत उरकलेलं;
एक धार वर गेलीय ती वरच राहिलीय.
कोट स्टुडिओचा. हातातलं पुस्तक स्टुडिओचं.
पायांपर्यंत फोटो नाही,
पायांचे पैसे वेगळे पडायचे.

हा फोटो भुसावळमार्गे गावी गेला
आणि लग्न ठरवून आला.

आई आली खंडव्याला छोट्या गाडीत बसून,
घाटातले बोगदे बोटांवर मोजत.
चाळीच्या खोलीत ट्रंक ठेवली, पदर खोचला,
चारी भिंती बघून घेतल्या
आणि विचारलं :
"कारंजं कोठे शे?"

वडील खोटं बोलणारे नव्हते. त्यांना जमायचं नाही म्हणा.
रविवारी पहारेकऱ्याला दोन विड्या देऊन
तिला मिलमागच्या हौदावर नेलं,
जिथे इंजिनाचं तापलेलं पाणी
लोखंडी तोट्यांतून उडवून निववायचे.
चाळीस तोट्या. वर वाफ. कडेला शेवाळ आणि एक बेडूक.
तिनं हात धरला धारेखाली, झटकन मागे घेतला :
"पानी ऊन शे. याले ताप येल शे का?"
मग खूप हसले, असं ती सांगायची.
वडील सांगायचे, रडली.
या एका गोष्टीत दोघांचं शेवटपर्यंत जुळलं नाही.

संग्रहालयातली मुलगी, निवेदिता व्यास,
हातात वही, गळ्यात ओळखपत्र, म्हणाली,
"आंटीजी, भौंह पर एक दाग है, निकलवा दें?"
मी चष्मा पुसला. डाव्या भुवईवर
तांदळाच्या कणीएवढं पांढरं.
दाग नाही गं, म्हटलं, कापूस आहे.
रात्रपाळी सुटल्यावर सरळ स्टुडिओत गेले असणार,
तोंड धुतलं, भांग पाडला, परका कोट चढवला
आणि एवढं एक राहून गेलं.
तिनं वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होती.
मी विचारलं नाही.
फक्त सांगितलं, तोतारामचा 'ता' पहिला,
पाटीवर तुम्ही 'तोतराम' केलाय.

बाहेर माळी हिरवळीला पाणी द्यायला लागला होता.
पाइप दुपारभर उन्हात पडलेला.
मी वाकून धारेखाली हात धरला.
थांबा माताजी, तो म्हणाला,
पहिलं पाणी तापलेलं येतं,
गार मागाहून येईल.

असू दे, म्हटलं.
रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गेला.